डॉक्टरणीचा अर्धा चोक

आमच्या घरात थंडी आल्याची वर्दी खोबरेल तेलाची बाटली द्यायची. न्हाणीच्या खिडकीत ती उभी असायची, आणि नोव्हेंबर सरता सरता एखाद्या सकाळी माझी मोठी बहीण लूसी केस मोकळे सोडून ओरडायची, "आय, तेल गोठलं गो!" बोरिवलीची थंडी ती काय, असं म्हणून पुण्या-नाशिकची माणसं हसतील. हसू देत. आमचं गावठाण तेव्हा नुसतं कौलारू घरांचं, मागे भाजीची वाडी, वाडीत विहीर, आणि पहाटे नॅशनल पार्कच्या डोंगराकडून असा गारवा यायचा की अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नसे. तेल गोठलं की घरात दोन माणसं कामाला लागायची. एक माझी कतरीन आते. ती फुग्यांचं, म्हणजे आमच्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ ताडीत आंबवायची, आणि थंडीत ते फुगायचं नाही, म्हणून पिठाच्या टोपाला गोधडी गुंडाळायची. दुसरा माझा बापूस. त्याला तीच गोधडी गाडीच्या बॉनेटवर टाकायला हवी असायची. "माणसं उपाशी राहिली तरी चालतील, तुझी गाडी गार पडता कामा नये ना?" असं आते म्हणायची, आणि गोधडीची ओढाओढ व्हायची. शेवटी आयनं जुनी लुगडी जोडून दुसरी गोधडी शिवली तेव्हा कुठे शांतता झाली. आमची घरातली बोली ही अशी सरळ नव्हती हो, ती आमच्या जुन्या ख्रिस्ती पाखाडीची, कानाला खडबडीत. लिहिताना मी ती जरा पुसून घेते आहे, नाहीतर माझ्या पुण्याच्या सुनेला कळायची नाही.

गाडीचं नाव डॉक्टरीण. बापूस सांताक्रूझला एका दातांच्या डॉक्टरांकडे ड्रायव्हर होता. डॉक्टर म्हातारे झाले, लेकीकडे परदेशी गेले, आणि जाताना किल्ली बापसाच्या हातात ठेवून म्हणाले, "पास्कू, हिला भंगारात देऊ नकोस." गोल दिव्यांची, दुधी रंगाची, चार दारांची ती मोटार अंगणात आली त्या दिवशी सगळी पाखाडी बघायला लोटली होती. नाव कुणी ठेवलं ते माहीत नाही, पण "डॉक्टरीण कुठे निघाली?" "डॉक्टरीण आज आजारी का?" अशी चेष्टा रोजची. बापसानं तिला लग्नाची गाडी केली. आमच्याकडे नाताळानंतरचे दिवस म्हणजे लग्नांचे, आणि देवळातला विधी सकाळचा. पांढरा कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, डोक्यावर टोपी, बॉनेटवर रेशमी फीत आणि पांढऱ्या शेवंतीचा गुच्छ असा थाट करून तो नवरीला देवळाच्या पायरीशी उतरवायचा. दार स्वतः उघडायचा, आणि नवरीचा झगा दारात अडकू नये म्हणून खाली वाकून सावरायचा. आमच्या चार पाखाड्यांत निम्म्या बायका त्या गाडीतून नवरी होऊन गेल्या. त्यातल्या ज्या अजून आहेत त्या मला रस्त्यात थांबवून सांगतात, "तुझ्या बापसानं माझा झगा सांभाळला होता." मला बरं वाटतं. अजूनही वाटतं.

तर ही डॉक्टरीण थंडीत सुरू व्हायला कुरकुर करायची. आताच्या मुलांना हे कळायचं नाही. परवा माझ्या नातवानं विचारलं, "आजी, चोक म्हणजे काय?" आता बटण दाबलं की गाडी चालू. आत कॉम्प्युटर बसलाय, त्याला कळतं इंजिन गार आहे की गरम. तेव्हा ते ड्रायव्हरला कळावं लागायचं. कार्बोरेटर नावाचं एक भांडं पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला द्यायचं. इंजिन गार असलं की पेट्रोल नीट उडत नाही, म्हणून हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं. त्यासाठी डॅशबोर्डवर एक दांडी असायची, ती चोक. ओढायची, सेल्फ मारायचा, म्हणजे स्टार्टर फिरवायचा, इंजिन तापलं की हळूहळू आत ढकलायची. झालं, एवढंच. पण एवढ्याचसाठी त्या हिवाळ्यात आमच्या घराची वाट लागली होती.

सुरुवात नाताळानंतर लगेच, शेजारच्या पाखाडीतल्या एका लग्नानं झाली. सकाळी बापूस नवरीच्या दारात गेला. वर्दी होती आठची. नवरी तयार व्हायला पाऊण तास लागला, तेवढ्यात गाडी पुन्हा गार. नवरी आत बसली, बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली, बापसानं चोक पूर्ण ओढला, अॅक्सिलरेटर चार-सहा वेळा दाबला आणि सेल्फ मारला. कुर्र कुर्र कुर्र. पुन्हा दाबला, पुन्हा मारला. शेवटी बॅटरीच बसली. नवरीच्या भावांनी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत ढकलली, बँड वाजतोच आहे, आणि डॉक्टरीण ढिम्म. मग नवरी उतरली आणि रिक्षात बसली. झग्याचा घेर एवढा की तो रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर, आणि तिची आई मागच्या रिक्षात रडत. बापूस टोपी काढून रस्त्यात उभा राहिला होता. मी तिथे होते, फीत नीट करायला मीच जायचे. 

त्यानंतर आठवड्याभरात आणखी दोन लग्नांना असंच झालं. या वेळी आमच्या अंगणातच. सकाळी सहाला बापूस बॉनेट उघडून पाणी-ऑइल बघायचा, आत येऊन चहा प्यायचा, युनिफॉर्म चढवायचा, आणि बाहेर जाऊन सेल्फ मारला की कुर्र कुर्र. दहा वाजता ऊन अंगणात आलं की हीच बया पहिल्या सेल्फला चालू! म्हणजे काय झालं, थंडीच. सगळ्यांचं एकमत. बापूस चोक आणखी ओढायला लागला, गोधड्या दोन झाल्या, एकदा तर शेगडी पेटवून बॉनेटखाली ठेवायला निघाला होता, आयनं हात धरला म्हणून आम्ही सगळे वाचलो. वर्दी द्यायला लोक येईनासे झाले. आणि त्याच महिन्यात, जानेवारीच्या शेवटी, लूसीचं लग्न.

बापसाचं एकच स्वप्न होतं, आणि ते त्यानं कधी लपवलं नाही. शेकड्यानं लोकांच्या पोरी त्यानं देवळात पोचवल्या, आता आपली पोर आपल्या गाडीतून न्यायची. नवऱ्याकडची मंडळी मालाडची. त्यांचे एक काका निरोप घेऊन आले, मोठ्या प्रेमानं म्हणाले, "पास्कू, तू कशाला त्रास घेतोस? आमच्याकडून एसी गाडी पाठवतो ना." बापसानं त्यांना चहा दिला, बोंबलाची चटणी आणि भाकरी दिली, आणि म्हणाला, "माझी पोर माझ्याच गाडीतून जाईल." ते गेल्यावर आय म्हणाली, "आणि गाडी सुरू नाही झाली तर? पोर रिक्षातून जाईल का त्या दुसरीसारखी?" बापूस कपबशा उचलायला लागला. आय मऊ मनाची होती, पण लेकीच्या लग्नात ती कुणाचं ऐकणार नव्हती. तिनं सांगून टाकलं, "लग्नाच्या आदल्या रविवारपर्यंत तुझी डॉक्टरीण सकाळी धड सुरू झालेली मला दिसली पाहिजे. नाहीतर मी मालाडला कळवते." लूसी बिचारी "मला काहीही चालेल" म्हणाली आणि न्हाणीत जाऊन रडली. मला ऐकू आलं.

मी तेव्हा सतरा-अठराची. बारावीला गटांगळी खाल्ली होती, घरात बसून सगळ्यांवर चिडचिड करणं हे माझं मुख्य काम होतं. तोंड माझं पहिल्यापासून तिखट, आणि अजून आहे. मीच जाऊन सावंत मिस्त्रींना घेऊन आले. मिस्त्री कुडाळकडचे, गावठाणाच्या टोकाला वडाखाली त्यांचं गॅरेज, म्हणजे एक पत्रा आणि चार डबे. गाडीकडे बघण्याआधी ते बापसाकडे बघून म्हणाले, "पास्कू, तू हिका पेट्रोल पाजतंस की बुडवतंस?" मग एक प्लग काढून माझ्या नाकाशी धरला. "चेडवा, सांग, कसलो वास येता?" मी म्हटलं, "पेट्रोलचा." "मगे पेट्रोल कमी पडता काय?" "नाही, जास्त झालं." मिस्त्रींनी बापसाकडे वळून म्हटलं, "ह्या पोराक कळता आणि तुका नाय." 'चेडू' म्हणजे मुलगी, आणि 'पोर' त्यांच्या बोलीत मुलगा-मुलगी दोघांनाही चालतं, पण त्या दिवशी मला फार ऐट वाटली. बापसाची चूक अशी की गार गाडीवर माया म्हणून तो चोक पूर्ण ओढून वर पाय मारत बसायचा. प्लग भिजून चिंब. मिस्त्रींनी सांगितलं, चोक अर्धा, पाय अॅक्सिलरेटरपासून लांब, क्लच दाबून सेल्फ एकदाच, नाही झाली तर मनात वीस आकडे मोजायचे. बापसानं ते निमूट ऐकलं. पंचवीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, पण ऐकलं. त्याबद्दल मी त्याला आजही मानते.

आणि मिस्त्रींनी मला एक वही दिली. जुनी, अर्धी वापरलेली, ऑइलच्या बोटांचे ठसे असलेली. "रोज सकाळी गाडी चालू कर आणि लिही. थंडी किती, चोक किती, कितव्या सेल्फाक लागली. आधी बघूचा, मगे हात लावूचो." थंडी किती हे मोजायला आमच्याकडे काय होतं? खोबरेल तेलाची बाटली! मी लिहायचे: तेल दगड, अर्धा चोक, दुसरा सेल्फ, लागली. तेल मऊ, अर्धा चोक, पहिला सेल्फ, लागली. दहा-बारा दिवस असं चाललं. डॉक्टरीण रोज लागत होती, तेल दगड असो की पातळ. बापसाचा चेहरा खुलायला लागला. मग एक लग्नाची वर्दी आली, लांबच्या नात्यातली, भीत भीतच दिलेली. त्या सकाळी तेल पातळ होतं, चांगलं पळत होतं बाटलीत. अर्धा चोक, पाय लांब, सगळं मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे. कुर्र कुर्र कुर्र. मी वहीत लिहिलं, "नाही लागली," आणि पेन्सिल फेकून दिली. त्या लोकांना वेळेवर दुसरी गाडी मिळाली, हे आमचं नशीब. पण बापूस पायरीवर बसला आणि मला म्हणाला, "फिलू, मालाडला कळवा तुम्ही." मी त्याला असं कधी बघितलं नव्हतं.

मी वही घेऊन वडाखाली गेले. मिस्त्रींनी पानं उलटली, चष्मा वर केला, पुन्हा उलटली. म्हणाले, "थंडीवर आळ घेव नको. थंडी बापडी रोज येता. गाडी लग्नाच्याच दिवशी रुसता. त्या दिवशी तुमी काय वेगळा करतास?" मी म्हटलं, काय वेगळं करणार, फीत लावतो, फुलं लावतो, बापूस टोपी घालतो. ते म्हणाले, "मगे ता सगळा कर. लग्न नसताना लग्नासारखा कर. एक गोष्ट सोडू नको. आणि तू गाडीपासून हलू नको." मला वाटलं मिस्त्री सटकले. पण दुसरा उपाय नव्हता.

म्हणून लूसीच्या लग्नाच्या आदल्या शनिवारी आमच्या अंगणात लग्नाची रंगीत तालीम झाली. आयला आणि आतेला सांगितलं, बापसाला सराव करायचाय. आयनं कपाळाला हात लावला, पण युनिफॉर्मला इस्त्री करून दिली. सहा वाजता बापूस आला, बॉनेट उघडलं, पाणी-ऑइल बघितलं, आणि रोजच्यासारखा चहाला आत गेला. मी मागच्या सीटवर शाल पांघरून, मांडीवर वही घेऊन बसले होते. बॉनेट वर असल्यामुळे समोरून कुणाला मी दिसत नव्हते. मला मात्र बॉनेटच्या खालच्या फटीतून इंजिनाची एक पट्टी दिसत होती. थोड्या वेळानं पावलं वाजली. फटीत दोन हात आले. एका हातात जुनी सरबताची बाटली, दुसऱ्या हातात सुकलेलं झावळीचं पातं, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी देवळातून आशीर्वादाचं म्हणून आणतात ते. कतरीन आतेचे हात! फुगे वळून वळून बोटं चपटी झालेले ते हात मी हजार हातांत ओळखले असते. तिनं पातं बाटलीतल्या पवित्र पाण्यात बुडवलं आणि प्रार्थना पुटपुटत इंजिनावर शिंपडलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग थोडं थांबली आणि बाटलीच वाकडी करून जराशी धार धरली. धार नेमकी कुठे पडली ते मी बघत होते. प्लगांना ठिणगी वाटून देणारा एक डबा असतो, डिस्ट्रिब्युटर, त्याच्या काळ्या टोपणावर. पावसाळ्यात त्याच्यावर आम्ही प्लास्टिक बांधून ठेवायचो, एक थेंब जाऊ नये म्हणून, आणि दिवाळीला सोडायचो.

आते बापसाची थोरली बहीण. लवकर विधवा झाली, पोटी काही नाही, आमच्याकडेच राहिली आणि आम्हा दोघींना तिनंच वाढवलं. देवाचं काम गाजावाजा न करता करायचं असं तिचं मत, म्हणून कुणाला बोलली नव्हती. त्या रिक्षावाल्या नवरीच्या प्रसंगानंतर तिनं हे सुरू केलं होतं. पत्र्यावर शिंपडून काय उपयोग, गाडीच्या काळजावर शिंपडलं पाहिजे, असा तिचा विचार. पहिल्यांदा गुण आला नाही म्हणून पुढच्या वेळी पाणी वाढवलं, आणि त्या दिवशीचा सराव लूसीच्या लग्नाचा म्हणून थेट धारच धरली. इकडे भाऊ पेट्रोल वाढवतोय, तिकडे बहीण पाणी वाढवतेय, आणि डॉक्टरीण दोघांच्या मायेत बुडतेय. आज हे लिहिताना मला हसू आवरत नाही.

त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही. मी गाडीचं दार आपटून बाहेर आले आणि अशी ओरडले की शेजारची कुत्री भुंकायला लागली. "आते! तू? तू बुडवलीस होय गाडी? त्या टोपणात पाणी गेलं की ठिणगी मरते, एवढं कळत नाही तुला? बापसाची सगळ्या गावात इज्जत घालवलीस, लूसीचं लग्न बुडवायला निघालीस!" आय बाहेर आली, बापूस हातात कप घेऊन आला, लूसी आली. आते बाटली छातीशी धरून उभी. तिनं बापसाकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "पास्कू, ती नवरी रिक्षातून गेली, ती पण माझ्यामुळं?" बापूस घाईनं म्हणाला, "नाही गो, तेव्हा मीच पेट्रोल जास्त पाजलं होतं." ते खरंच होतं. पण आतेनं विचारलं, "आणि नंतरची?" बापूस हातातल्या कपात बघायला लागला. तिनं बाटली पायरीवर ठेवली, पातं बाटलीवर आडवं ठेवलं, आणि आत गेली. मी टोपण काढून कोरड्या फडक्यानं पुसलं, बसवलं, बापसानं अर्धा चोक ओढून सेल्फ मारला आणि डॉक्टरीण पहिल्या फटक्यात लागली. मी उड्या मारल्या. बाकी कुणी नाही मारल्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आयनं स्वतः उभं राहून बघितलं. गाडी लागली. मालाडला कळवायची गरज उरली नाही. पण आते आठवडाभर घरात असून नसल्यासारखी. काम सगळं करत होती, मसाला कुटला, बाटल्या भरल्या, तांदूळ निवडले, फक्त बोलत नव्हती. आय मला म्हणाली, "बरोबर होतीस म्हणून एवढं बोलायचं?" मी म्हटलं, मग काय खोटं बोलू? आय म्हणाली, "खोटं नको. हळू बोलायचं होतंस." लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी. आमच्यात बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, नवरीच्या आंघोळीचं पाणी घेऊन येतात. त्यात दरवेळी, कुणाचंही लग्न असो, गाणं उचलायची ती कतरीन आते. त्या संध्याकाळी ती मागे राहिली. गाणं दुसरीनं उचललं, ते सुरात नव्हतं. मी घागर घेऊन परत येताना स्वयंपाकघराच्या खिडकीत तिला पाठमोरी बघितलं आणि घागर पायरीवर टेकवली. तरी मी गेले नाही. सॉरी म्हणणं मला आजही जड जातं, तेव्हा तर विचारूच नका.

लग्नाची सकाळ. तेल दगड. तसं दगड आख्ख्या हिवाळ्यात झालं नव्हतं. मी पाचालाच उठून टोपण पुसलं, आणि पाखाडीत दिवसभर पाहुण्यांची पोरं हुंदडणार, कुणी पाणी-बिणी सांडेल, म्हणून त्याच्यावर दुधाची रिकामी पिशवी रबरानं घट्ट बांधली. आठ वाजता लूसी पांढऱ्या झग्यात बाहेर आली. लूसीला बघून आय रडली, बँड सुरू झाला, लूसी मागे बसली. बापूस टोपी नीट करून बसला. सगळी पाखाडी श्वास धरून उभी. त्यात ती रिक्षावाली नवरीही होती, नवऱ्यासोबत आली होती. बापसानं चोक अर्धा ओढला. क्लच दाबला. सेल्फ. कुर्र... आणि लागली! काय तो आवाज! टाळ्या, शिट्ट्या, बँडवाल्यांनी नवं गाणं धरलं. आणि बापसानं गाडी बंद केली.

मला वाटलं बंद पडली. मी धावत खिडकीशी गेले. "काय झालं?" बापूस समोर बघत म्हणाला, "कतरीन कुठाय?" मी म्हटलं, "असेल आत. तू चालव ना, उशीर होतोय, गार पडेल परत!" तो म्हणाला, "तिनं दोन पोरी वाढवल्या. तिच्याशिवाय मी हिला देवळात नेणार नाही. तू आणायची तिला. मी नाही, आय नाही, तू." आणि किल्ली काढून डॅशबोर्डवर ठेवली. मागून लूसी म्हणाली, "जा ना फिलू." बँड थांबला. सगळे माझ्याकडे बघत होते. तिकडे इंजिन गार होत होतं, देवळात पाद्री वाट बघत होते, आणि मी माझ्याच अंगणात पाय रोवून उभी. मग गेले.

आते चुलीशी, कढईत फुगे सोडत होती. मुठीतून पीठ पिळून, अंगठ्यानं तोडून, एकामागून एक. नवं लुगडं नेसली होती, पण वर जुना टॉवेल गुंडाळलेला. म्हणजे बाहेर यायचं तिच्या मनात नव्हतं. मी म्हटलं, "आते, चल." ती म्हणाली, "मना काम आहे. तुम्ही जा." मी म्हटलं, "बापूस गाडी बंद करून बसलाय." तिचा हात थांबला. "बंद पडली?" एवढं घाबरून विचारलं की मला रडूच फुटलं. "नाही गो, त्यानं केली. तू नाहीस म्हणून. आते, माझं चुकलं. गाडीचं मी बरोबर सांगितलं, पण तुला तसं बोलायला नको होतं. तुझ्यामुळं नाही काही बुडालं. सॉरी. चल ना." हे सगळं एका दमात, नाक पुसत. आतेनं कढई उतरवली, टॉवेल सोडला, माझं नाक त्याच टॉवेलनं लहानपणीसारखं करकचून पुसलं आणि म्हणाली, "नवरीची बहीण अशी दिसते काय?"

ती बाहेर आली तेव्हा मी पायरीवरून तिची बाटली आणि पातं उचललं, ती तशीच आठवडाभर तिथे होती, आणि तिच्या हातात दिली. बॉनेट उघडलं. म्हटलं, "बघ, टोपणाला पिशवी बांधलीय. आता तू आख्खी बाटली ओत, काही होत नाही. शिंपड." आतेनं वाकून इंजिनाकडे बघितलं. दुधाच्या पिशवीकडे बघितलं. पहिल्यांदाच, मला वाटतं, नीट बघितलं. मग मान हलवली. "नको. हिचं काळीज कुठं असतं ते मना कळत नाही. तुला कळतं." आणि म्हणाली, "हात पुढं कर."

मी हात पुढे केले. नखांत ऑइल, बोटांवर ग्रीस, लग्नासाठी आयनं घासून घासून न निघालेलं. सगळ्या पाखाडीसमोर तिनं पातं पाण्यात बुडवून माझ्या दोन्ही तळव्यांवर शिंपडलं, तीनदा, आणि शेवटी बाटली वाकडी करून थोडी धार धरली. माझ्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस केला आणि बॉनेट स्वतःच्या हातानं खाली लावलं. मग लूसीच्या शेजारी जाऊन बसली.

लग्नानंतरच्या सोमवारी मी वडाखाली गेले आणि मिस्त्रींना म्हटलं, मला शिकवा. ते म्हणाले, शिकवतंयच ना मगाधरना, म्हणजे कधीपासूनच. त्यांच्याकडे नऊ वर्षं, नंतर माझं स्वतःचं गॅरेज, बत्तीस वर्षं. बाई गाडी काय दुरुस्त करणार म्हणून गिऱ्हाईक परत जायचं, त्या दिवसांत मला कुणी विचारायचं, एवढा विश्वास कुठून आणलास गो? मी सांगायचे, घरून. बापूस गेला, आते गेली, सावंत मिस्त्री गेले. वही आहे माझ्याकडे. गावठाणाच्या तिन्ही बाजूंना आता टॉवर आहेत, पहाटेचा गारवाही पूर्वीसारखा येत नाही, पण एखाद्या जानेवारीत अजून तेल गोठतं आणि मी उगाच सगळ्यांना दाखवत फिरते.

त्या सकाळी बापसानं किल्ली फिरवण्याआधी खिडकीतून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अर्धा." त्यानं अर्धा ओढला. पहिल्याच सेल्फला लागली. पाणी माझ्या कोपरांपर्यंत ओघळलं होतं, आयनं रुमाल पुढे केला, झगा खराब होईल म्हणाली. मी हात पुसले नाहीत.